माळ्यावरचा टीव्ही आणि कंडेन्सरची भानगड : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी जाता जाता एक वाक्य लिहून गेलो की माळ्यावरचा जुना टीव्ही भंगारवाल्याला देऊ नका, बऱ्याचदा चार-पाच कंडेन्सर बदलले की तो उठून बसतो. त्या एका वाक्याने माझी झोप उडवलीये. पत्रं, मेसेज, एकाने तर उघडलेल्या सेटचा सतरा मिनिटांचा व्हिडिओ पाठवला, त्यात अर्धा वेळ त्याचं मांजरच दिसतंय. तेव्हा या वेळी बाकी सगळं बाजूला, फक्त कंडेन्सर. कपॅसिटर म्हणा, कंडेन्सर म्हणा, वस्तू एकच, वीज थोडा वेळ साठवून ठेवणारा पार्ट. म्हापशाला आम्ही वर्कशॉपात कंडेन्सरच म्हणायचो म्हणून मी तेच लिहिणार.

काका, आजोबांचा २० इंची ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही आहे, लाकडी शटरवाला. १९८६ चा मेक्सिकोचा वर्ल्ड कप अर्ध्या वाड्याने आमच्या सोप्यावर बसून याच्यावर बघितला असं बाबा सांगतात. पंचवीसेक वर्षं बंद आहे. चवथीला सगळं कुटुंब जमतं तेव्हा तो चालू करून दाखवायचाय. मी नवे कंडेन्सर मागवून ठेवलेत. सगळे एकदम बदलून टाकू का? की आधी एकदा प्लग लावून बघू?
— एक वाचक, फोंडा

प्लग लावू नका. मला माहितेय हात शिवशिवतात, माझेही शिवशिवायचे, पण पंचवीस वर्षं झोपलेल्या सेटला सरळ २३० व्होल्ट देणं म्हणजे लांब उपासातून उठलेल्याला पहिल्याच घासाला शाकुती वाढण्यासारखं आहे.

इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सरच्या आत अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या असतात, मधे द्रवात भिजवलेला कागद, आणि एका पट्टीवर ऑक्साईडचा अगदी बारीक थर. तो थर हेच खरं इन्सुलेशन. सेट रोज चालत असला की व्होल्टेज मिळत राहतं आणि थर टिकतो, वर्षानुवर्षं काही मिळालं नाही की तो कमजोर होतो. मग एकदम पूर्ण दाब आला की आतून करंट गळायला लागतो, कंडेन्सर तापतो, फुगतो, कधी फुटतो, आणि जाताना रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) नाहीतर ट्रान्सफॉर्मरला सोबत घेऊन जातो. कंडेन्सर बाजारात मिळेल हो, त्या सेटचा ट्रान्सफॉर्मर कुठून आणणार?

आता सगळे एकदम बदलण्याचं. तेही करू नका, आणि याबाबतीत माझं मत जरा कडक आहे. माझ्याकडे जे सेट पूर्ण मेलेले यायचे त्यातले बरेचसे म्हातारपणाने नाही, दुरुस्तीने मेलेले असायचे. तीस कंडेन्सर एका बैठकीत काढले, तीस घातले, त्यातला एक उलटा बसला, एकाचा पाय बाजूच्या ट्रॅकला चिकटला, आणि आता सेट चालत नाही, तर तीस जागांपैकी चूक कुठे ते शोधा. शिवाय सुरुवातीला सेटचं नेमकं काय बिघडलं होतं तेही आता कोणाला कळणार नाही. एक काढा, एक घाला, सेट लावून बघा, मगच पुढचा. कंटाळवाणं आहे. पण चवथीला अजून वेळ आहे.

कामाला हात घालायच्या आधी तीन गोष्टी समजून घ्या, त्यात घाई नको.

एक म्हणजे चासी, सेटचा आतला लोखंडी सांगाडा. त्या काळच्या कित्येक सेटांत मेनचा ट्रान्सफॉर्मरच नसायचा, वायरची एक बाजू थेट किंवा डायोडमधून चासीला. म्हणजे आतलं लोखंड हे लाईनवरचं लोखंड समजायचं. लोक मला सांगतात की आमच्याकडे स्टॅबिलायझर आहे, किंवा मी व्हेरिएक (मूठ फिरवून व्होल्टेज कमीजास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) वापरतो, मग काय भीती? दोन्हींमध्ये साधारणपणे एकच वाइंडिंग असतं, त्याने व्होल्टेज कमीजास्त होतं पण तुम्ही मेनपासून सुटे होत नाही. लागतो तो आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, दोन वेगवेगळ्या वाइंडिंगचा, वन इज टू वन. आणि तो लावल्यावर त्याच्या पलीकडच्या बाजूला घरातला ईएलसीबी (झटका लागला की वीज तोडणारा स्विच) तुमच्या मदतीला येणार नाही हेही ध्यानात ठेवा, म्हणून एक हात खिशात ठेवून काम करायची सवय चांगली.

दुसरं म्हणजे साठलेला चार्ज. २३० व्होल्ट एसी रेक्टिफाय झाले की मेन फिल्टर कंडेन्सरवर (हे डीसी गुळगुळीत करणारा तो) सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी उभं राहतं, आणि प्लग काढल्यावरही ते लगेच जात नाही. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडून डिस्चार्ज करणारे हिरो मी भरपूर बघितलेत, त्यात कंडेन्सरही दुखावतो आणि कधी ट्रॅकही उडतो. हजारेक ओहमचा दहा वॅटचा रेझिस्टन्स घ्या, दोन्ही टोकांना इन्सुलेटेड क्लिपा लावा, काही सेकंद धरा, मग मीटरने बघा, आणि पाच मिनिटांनी परत बघा, कारण कंडेन्सर थोडा चार्ज आतून वर काढतो. पिक्चर ट्यूबही विसरू नका. ती स्वतःच एक कंडेन्सर आहे, आतून एक लेप, बाहेरून काळ्या ग्राफाईटचा लेप, मधे काच. २० इंची सेटात तिच्यावर पंधरा-अठरा हजार व्होल्ट चढलेले असतात. तिचा डिस्चार्ज करायचा तो बाहेरच्या काळ्या लेपाला टेकलेल्या उघड्या तारेच्या जाळीवर, ट्रान्झिस्टरच्या सेटात चासीवर कुठेही नाही, नाहीतर तो झटका सर्किटातून वाट काढतो. आणि ट्यूबच्या मानेला धक्का लागू देऊ नका, आत व्हॅक्यूम आहे.

तिसरं, सिरीज बल्ब. सेटच्या लाईनमध्ये शंभर वॅटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये टाका. एलईडी चालणार नाही, त्याला सिरीजचं गणित कळत नाही. सेट लावल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, पूर्ण पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद. हा दहा मिनिटांत बनणारा बोर्ड मी आयुष्यभर वापरला आणि त्याने किती सेट वाचले त्याची गणती नाही.

मग बदलायला सुरुवात मेन फिल्टरपासून. ते अ‍ॅल्युमिनियमचे मोठे डबे. एकाच डब्यात दोन-तीन कंडेन्सर असतात, बुडाला चौकोन, त्रिकोण, अर्धगोल अशा खुणा असतात आणि अंगावर कुठली खूण किती मायक्रोफॅरडची (कंडेन्सरच्या क्षमतेचं माप) ते लिहिलेलं असतं. तो डबा शोभेला ठेवायचा असेल तर ठेवा, नवे कंडेन्सर खाली लपवा, पण जुन्याच्या जोडण्या पूर्ण सोडवा. काही जण जुन्याला समांतर नवा लावून मोकळे होतात. जुना गळतोय तो गळतच राहणार ना.

मेन फिल्टरनंतर बाकीचे इलेक्ट्रोलायटिक, खास करून जे गरम रेझिस्टन्सच्या किंवा हीट सिंकच्या शेजारी उभे आहेत ते. मेणाचे किंवा कागदाचे असतील तर तेही काढाच. पण सिरॅमिकच्या चकत्या, मायका, पॉलिस्टायरिनचे पारदर्शक, यांना हात लावू नका, ते तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त टिकणारेत, आणि ट्यूनर-आयएफमधले (चॅनल पकडणाऱ्या भागातले) बदललेत तर अलाईनमेंट, म्हणजे त्यांची बारीक जुळणी, हलेल. चॉकलेटी गोळीसारखे पॉलिएस्टरवालेही बहुतेक वेळा चांगले असतात, संशय असेल तरच.

बोर्ड तपकिरी असेल, म्हणजे कागदाचं फिनॉलिक. त्याचा तांब्याचा ट्रॅक जास्त वेळ उष्णता दिली की उचलला जातो. चांगली गरम इस्त्री घ्या (आम्ही सोल्डरिंग आयर्नला इस्त्रीच म्हणायचो), थोडं नवं सोल्डर लावा, पंपाने ओढा, तीन सेकंदांत बाजूला. नाही निघालं तर थंड होऊ द्या. आणि प्रत्येक कंडेन्सर काढायच्या आधी मोबाईलवर फोटो, आमच्या वेळी वहीत चित्र काढायला लागायचं.

उलटा बसण्याचं म्हणाल तर मी स्वतः केलंय. शिकाऊ असताना एक फिल्टर उलटा लावला, उस्ताद चहा पीत होते, आणि नरकासुराच्या रात्रीचा अ‍ॅटमबॉम्ब फुटावा तसा तो फुटला, वर्कशॉपभर कागदाचा भुगा, उस्तादांच्या चहात पण. आजच्या कंडेन्सरवर पट्टा असतो तो निगेटिव्हच्या बाजूला असतो, जुन्या कित्येकांवर खूण पॉझिटिव्हच्या बाजूला असायची, घोळ तिथे होतो. बोर्डावर छापलेलं असेल त्यावरही डोळे झाकून विश्वास नको, जुना कसा बसलाय ते बघा.

राहिली चवथ. चवथ म्हणजे भर पाऊस, हवेत नुसतं पाणी. इलेक्ट्रोलायटिक त्या ओलीने बिघडत नाहीत, ते उष्णतेने आतून सुकतात, पण ईएचटीची (ट्यूबला जाणाऱ्या हजारो व्होल्टची) वायर, ट्यूबचं रबरी बूच, एलओटी (ते व्होल्ट बनवणारा ट्रान्सफॉर्मर) यांच्यावर धूळ आणि ओल मिळून जो चिकट थर बसतो त्यावरून अठरा हजार व्होल्ट सुर्र आवाज करत पळतात. आपल्याकडे त्यात समुद्राचं मीठ. म्हणून सेट सोप्यावर ठेवून मागचं झाकण काढा, ब्रशने धूळ उडवा, कोरड्या दिवशी दोन-तीन उन्हं दाखवा, वाळवी बघा, मग चालू करा. माझा सल्ला विचाराल तर पाऊस लागायच्या आधी मे महिन्यात काम उरका.

माझ्याकडे वाल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा सेट आहे. त्यातले मेणाचे कंडेन्सर मी मल्टिमीटरवर मोजले, ०.०५ चा तर ०.०६ च्या वर दाखवतो, म्हणजे लिहिलंय त्यापेक्षा जास्तच. मग चांगला कंडेन्सर काढून फेकायचा कशाला?
— पेडणे

दादा, तो जास्त दाखवतोय हीच तर तक्रार आहे. मल्टिमीटर कंडेन्सरला एक-दोन व्होल्ट देऊन मोजतो, सेटमध्ये त्याच्यावर शंभर-दोनशे व्होल्ट असतात. कमी दाबाला सज्जन वाटणारा जास्त दाबाला गळतो. आणि गळणारा कंडेन्सर साध्या मीटरला बऱ्याचदा फुगवून आकडा दाखवतो.

कागदाच्या कंडेन्सरचं दुखणं म्हणजे कागद ओल पितो. मेण लावलेलं असलं तरी टोकाला भेगा पडतात आणि आपल्या पावसात चाळीस-पन्नास वर्षं काढल्यावर कोरडा कुठला राहणार. आता हा कंडेन्सर बसलाय कुठे, तर आधीच्या वाल्व्हच्या अ‍ॅनोडपासून पुढच्या आउटपुट वाल्व्हच्या ग्रिडपर्यंत (करंटला लगाम घालणारी जाळी). काम एवढंच की सिग्नल जाऊ दे, डीसी अडव. समजा अ‍ॅनोडला १०० व्होल्ट आहेत, कंडेन्सरची गळती १० मेगओहमइतकीच आहे, ग्रिडचा रेझिस्टन्स १ मेगओहम. तर ग्रिडवर ९ व्होल्ट पॉझिटिव्ह येतात. जिथे ग्रिड कॅथोडपेक्षा निगेटिव्ह राहायला पाहिजे तिथे हे ९ व्होल्ट. वाल्व्ह बेफाम करंट ओढतो, अ‍ॅनोडचा पत्रा लाल होतो, आणि थोड्या वेळाने आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा वास घरभर. तो बारका मेणाचा तुकडा चांगला मोजतोय म्हणून ठेवला आणि पीसीएल ८०५ वाल्व्हसकट ट्रान्सफॉर्मर गेला, असं माझ्या समोर झालंय.

खरं तपासायचं असेल तर ग्रिडकडचा पाय सोडवा, सेट चालू करा, आणि सुट्या पायावर मीटरचा डीसी व्होल्ट लावा, दुसरी पिन चासीला. सुरुवातीला आकडा उडी मारेल, मग उतरून शून्याला टेकला पाहिजे. एक-दोन व्होल्टवर अडून बसला तर कंडेन्सर गळतोय. पण खरं सांगू, मेणाचे असतील तर तपासण्यात वेळ घालवू नका, सगळे काढा, एकेक करून, आणि ६३० व्होल्टचे पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन घाला. त्यांना प्लस-मायनस नसतं, कसेही लावा.

आणि अजून एक, तुमच्या सेटात वाल्व्हचे हीटर सगळे सिरीजमध्ये असणार, नाताळच्या माळेसारखे, एक गेला की सगळे काळोखात. सेट पेटत नाही म्हणून कंडेन्सरच्या मागे लागू नका, आधी ती माळ बघा.

सर, मी इंजिनीअरिंगला आहे. जुन्या पार्टवर लिहिलेल्या किमती (व्हॅल्यू) बाजारात मिळतच नाहीत. १६ एमएफडी (मायक्रोफॅरड) ३५० व्होल्ट, ०.०२, ५० एमएफडी. काय घालू? आणि ऑनलाईन खूप स्वस्त मिळतात ते घेऊ का?
— डिचोली

किमती बदलल्या नाहीत रे, गोल आकडे जाऊन ठरलेली आकड्यांची साखळी आली. ०.०५ च्या जागी ०.०४७, ०.०२ च्या जागी ०.०२२, ५० च्या जागी ४७, ३२ ला ३३, २०० ला २२०. १६ ला मी २२ घालतो. जुन्या इलेक्ट्रोलायटिकची टॉलरन्सच (लिहिलेल्या आकड्यापासून चालणारा फरक) एवढी ढिली असायची की फिल्टरच्या जागी तीस-चाळीस टक्के जास्त झालं तर सेटला कळत पण नाही. मात्र जास्त ते चांगलं म्हणून १६ च्या जागी १०० घालू नकोस, चालू करताना तो एवढा करंट ओढतो की रेक्टिफायर, वाल्व्हचा असेल तर खास करून, लवकर मरतो. ऑसिलेटर, टायमिंग, ट्यूनिंग अशा जागी मात्र नेमकी तीच किंमत.

व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, कमी कधीच नाही. ३५० ला ४०० किंवा ४५० घाल. फिल्म कंडेन्सरवर कोड असतो, १०४ म्हणजे ०.१, ४७३ म्हणजे ०.०४७, आणि त्याच्या आधी व्होल्टेजचा कोड, २ए म्हणजे १००, २जी म्हणजे ४००, २जे म्हणजे ६३०. मेनच्या दोन तारांमध्ये जो बसतो तो एक्स-टू क्लासचाच घे, साधा ४०० व्होल्टचा नको, एक्स-टू बिघडला तरी आग न लागावी अशा बेताने बनवलेला असतो.

डिग्री १०५ वाला घे, ८५ नको. साधा हिशेब आहे, दर दहा डिग्री कमी झाले की इलेक्ट्रोलायटिकचं आयुष्य साधारण दुप्पट. १०५ ला २००० तास लिहिलेला कंडेन्सर ६५ डिग्रीला राहिला तर चार वेळा दुप्पट, म्हणजे ३२ हजार तास. तोच ८५ वाला त्याच जागी दोनदाच दुप्पट होतो, ८ हजार. रोज एक तास बघितलास तर दोन्ही पुरतील म्हणा, पण फरक काही रुपयांचा आहे.

स्वस्ताचं काय सांगू. मी एकदा एका दुकानातून ४५० व्होल्टचे मोठे कंडेन्सर आणले, हातात घेतले तर हलके. एकाचं प्लास्टिक कापून बघितलं, आत करंगळीएवढा दुसराच कंडेन्सर, तार जोडून लांब केलेली. तेव्हापासून आधी तोलून बघतो. मुंबईला कोण जाणार असेल तर लॅमिंग्टन रोडवर यादी पाठव, एकदम नाव असलेल्या कंपनीचे मागव. आणि जुन्या बोर्डातून काढलेले सेकंडहँड इलेक्ट्रोलायटिक घेऊ नकोस, म्हातारा काढून म्हातारा बसवण्यात काय अर्थ.

नमस्कार. माझी आई ७८ वर्षांची आहे, तिला तिचा जुना टीव्हीच हवा असतो. चित्रावर दोन रुंद काळसर आडवे पट्टे दिसतात, ते हळूहळू वर सरकतात, कडा नागमोडी झाल्यात. बघायला आलेल्याने पिक्चर ट्यूब गेली म्हणून सांगितलं. टीव्ही टाकून द्यावा लागेल का?
— साखळी

नाही हो ताई, टाकू नका. ट्यूब जाते तेव्हा चित्र मंद होतं, चालू झाल्यावर उजळायला फार वेळ लागतो, पांढरा रंग चंदेरी-मळकट दिसतो. तुमचे पट्टे हे फिल्टर कंडेन्सरचं काम आहे.

आपली वीज ५० हर्ट्झची. पूर्ण ब्रिज रेक्टिफायर असला की डीसीमध्ये सेकंदाला १०० लाटा उरतात आणि त्या गुळगुळीत करणं हे फिल्टरचं काम. तो सुकला की लाटा चित्रात शिरतात. टीव्हीच्या पडद्यावर सेकंदाला ५० वेळा चित्र वरून खाली आखलं जातं, म्हणजे एका फेरीत दोन लाटा, म्हणून दोन पट्टे. वीज आणि चित्राचा वेग अगदी तंतोतंत जुळत नाही म्हणून ते सरकतात. दोनच्या जागी एकच पट्टा असता तर मी विचारलं असतं की सेटात एकच डायोड आहे का, की ब्रिजमधला एखादा गेलाय.

ज्याने कोणी काम करायचं त्याला सांगा, मेन फिल्टर बदल आणि मग बघ. पुढे कधी चित्र खालून दुमडायला लागलं किंवा वरून-खालून आक्रसलं तर व्हर्टिकल आउटपुटमधून योककडे (ट्यूबच्या मानेवरच्या कॉईलकडे) जाणारा इलेक्ट्रोलायटिक बदलायचा. तो पूर्ण सुटला तर पडद्यावर मधोमध एकच झगझगीत आडवी रेघ येते, तेव्हा लगेच ब्राईटनेस कमी करून टीव्ही बंद करा, नाहीतर ती रेघ पडद्यावर कायमची भाजली जाते. आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांची निवड बरोबर आहे, त्या टीव्हीला फक्त दोन बटणं आहेत.

मी बोटीवरचा रिटायर इलेक्ट्रिशियन. लाईन आउटपुटच्या बीयू २०५ ट्रान्झिस्टरजवळचा एक कंडेन्सर तडकलेला दिसला म्हणून बदलला. सेटचा सप्लाय ११० व्होल्टच आहे म्हणून ४०० व्होल्टचा घातला, भरपूर मार्जिन धरून. ट्रान्झिस्टर उडाला. नवा घातला, तोही उडाला. हे काय चाललंय?
— वास्को

पात्रांव, बोटीवरचं लॉजिक इथे लागत नाही, आणि फक्त ट्रान्झिस्टरच गेला म्हणून देवाचे आभार माना.

लाईन आउटपुट म्हणजे चित्राची एकेक आडवी रेघ आखणारा भाग, तिथे ११० व्होल्ट नसतात. एक लाईन आखायला ६४ मायक्रोसेकंद, त्यातले साधारण १२ मायक्रोसेकंद बीम (चित्र आखणारा इलेक्ट्रॉनचा झोत) परत आणायला. त्या १२ मायक्रोसेकंदांत ट्रान्झिस्टर बंद होतो आणि योक-एलओटीच्या कॉईलमध्ये साठलेली सगळी ऊर्जा तुम्ही बदललेल्या त्या एका कंडेन्सरमध्ये उडी मारते. सप्लायच्या आठ-नऊ पट उंच झटका, म्हणजे हजारेक व्होल्ट, सेकंदाला १५,६२५ वेळा. ४०० व्होल्टवाला त्यात किती टिकणार? तो आतून फाटला आणि उघडा पडला. कंडेन्सर नाही म्हटल्यावर झटका आणखी अरुंद आणि आणखी उंच, बीयू २०५ ची मर्यादा १५०० व्होल्ट, ती ओलांडली की ट्रान्झिस्टर शॉर्ट. त्याच झटक्यातून ईएचटीही बनते, तीही तेवढीच चढते, ट्यूबमध्ये आर्किंग होतं, आणि ईएचटी फार वाढली तर एक्स-रेचाही प्रश्न येतो.

तेव्हा १६०० किंवा २००० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन, पॉलिएस्टर नको, पॉलिएस्टर या वेगाला आतून तापतो. किंमत जुन्यावर लिहिलेली नेमकी, जवळपासची नाही. इथे अंदाज करायचा नाही. जुन्याचा आकडा तडकून गेला असेल तर त्याच मॉडेलचा सर्किट डायग्राम मिळेपर्यंत सेट बंद ठेवा, मी गंमत करत नाहीये. सोल्डर गोल, गुळगुळीत करा, टोकं राहिली तर तिथून ठिणगी उडते.

ट्यूनरचे कॉन्टॅक्ट साफ करायला फेणी चालेल का? हसू नका प्लीज.
— मडगाव

हसलो. म्हापशाला एकाने उराकने (फेणीच्या आधीची काजूची दारू) पुसला होता, चॅनल नाही लागला पण वर्कशॉप आठवडाभर काजूच्या बोंडांसारखं घमघमत होतं. त्यात पाणी भरपूर असतं आणि बाकीचे अंश चिकटतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा कॉन्टॅक्ट क्लीनर घ्या, ट्यूनरची मूठ पन्नास वेळा फिरवा. फेणी काम संपल्यावर.

कंडेन्सर बदलले, पडद्यावर छान मुंग्या आल्या. आता यावर बघू काय? अँटेनाला काहीच लागत नाही.
— काणकोण

मुंग्या आल्या म्हणजे सेट जिवंत आहे, अभिनंदन. जमिनीवरून येणारं अ‍ॅनालॉग प्रसारण आता आपल्याकडे बंद झालंय त्यामुळे अँटेना कितीही उंच केलीत तरी काही लागणार नाही. डीडी फ्री डिशचा किंवा कुठलाही एव्ही आउटपुट असलेला बॉक्स घ्या, त्याचे पिवळ्या-पांढऱ्या पिनचे सिग्नल आरएफ मॉड्युलेटरला (ते टीव्हीच्या चॅनलवर चढवणारा डबा) द्या, आणि मॉड्युलेटरची वायर टीव्हीच्या अँटेनाला. मॉड्युलेटर पाल बी सिस्टीमवर, आवाज साडेपाच मेगाहर्ट्झ, आणि व्हीएचएफ चॅनल असेल तेवढं बघा, बहुतेक जुन्या ट्यूनरला यूएचएफ नसतो. अँटेनाला दोन स्क्रू असतील तर ७५ वरून ३०० ओहमचा छोटा बलून (दोन्ही जुळवणारा अडॅप्टर) मधे लागेल.

आणि एवढे कंडेन्सर बदललेत तर अजून दोन-तीन राहिलेत. अँटेनाच्या सॉकेटमागे चासी लाईनवर असलेल्या सेटांत बारके कंडेन्सर असतात, बाहेरच्या वायरीपासून मेनला वेगळं ठेवणारे. ते गळत असतील तर तुमच्या नव्या बॉक्सची बॉडी झटका देईल, आणि बॉक्सची डिशची वायर छतापर्यंत जाते. तिथे वाय क्लासचेच (बिघडले तरी झटका न लागावा अशा बेताने बनवलेले) घाला, जुन्यावर लिहिलेल्या किमतीचे. घातल्यावर सॉकेट आणि मेनचा प्लग यांच्यामध्ये मीटर लावा, प्लगच्या दोन्ही पिनांना आळीपाळीने, सेट अनप्लग करून आणि स्विच ऑन ठेवून. काही मेगओहमच्या खाली आकडा आला तर बॉक्स जोडू नका, फोटो काढून मला पाठवा.